बारावा रकाना

मास्तरनं बारावा रकाना दोनदा वाचला. एकदा मनात, मग वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात.

"उमेदवाराने मुलाखतीच्या वेळी आपली समाजमाध्यमांवरील सर्व खाती, खाजगी संदेशांसह, समितीसमोर स्वतः उघडून दाखवावीत. मागील तीस दिवसांत मजकूर पुसल्याचे आढळल्यास अर्ज बाद समजण्यात येईल. खाली सही."

वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला, कागद टेबलावर ठेवला आणि सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू उत्तर त्याला माहीतच आहे, फक्त आणखी कुणाला येतंय का तेवढं बघायचंय. तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर माणूस घरीही वर्गच भरवतो. आत्याला धाकट्या भावाची ही खोड पाठ होती, म्हणून ती गप्प बसली.

रविवार असल्यानं कारखाना बंद होता. कारखाना हा शब्द आप्पांचा. प्रत्यक्षात ती घराखालची एक लांब खोली, मधोमध मोठं टेबल आणि तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं आकडा. नाव एकाही जबड्यावर नाही. कवळी कुणाची हे कवळी करणाऱ्यानं विसरून जायचं, हा आप्पांचा दंडक. आप्पा गेल्यावर कारखाना थोरल्या लेकीच्या, म्हणजे आत्याच्या हातात आला आणि तिनं तो दंडक एकदाही मोडू दिला नाही. रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं तर हवापाण्याचं बोलायचं, 'कशी बसलीय' म्हणून विचारायचं नाही. परक्यांच्या दातांबद्दल एवढं तोंड सांभाळणारं घर, पण एकमेकांशी बोलायची वेळ आली की सगळ्यांची दातखीळ बसायची.

"त्यात काय एवढं?" मास्तर म्हणाला. "कर नाही त्याला डर कशाला? दाखव की, भिंगरी. चार फोटो बघतील, दोन वाढदिवस बघतील, जांभया देतील आणि नेमणुकीचं पत्र हातात ठेवतील."

"लाख बोललात, भावजी." भिंगरीची आई, जिला सगळं घर वहिनी म्हणायचं, ती लगेच पुढे सरकली. "तिसरी मुलाखत आहे हिची. आधीच्या दोन ठिकाणांहून हात हलवत परत आली. आता तोंडाशी आलेला घास एका सहीसाठी घालवायचा का?"

"आपल्या घरचं काय चाललंय ते बाहेरच्यांनी बसून वाचायचं?" आत्या म्हणाली. "आणि तेही ह्या कंपनीनं?"

ह्या कंपनीनं म्हणण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ती चौकात आली आणि मशीनवर दात कापायला लागली. गावातले निम्मे दातांचे डॉक्टर तिच्याकडे गेले. उरलेले नानाच्या हातावर भरवसा ठेवून अजून जबड्यांच्या मापांच्या पेट्या इथं पाठवत होते. नाना म्हणजे मधला भाऊ, भिंगरीचा बाप. मेणात दात बसवावेत तर नानानं, असं डॉक्टर लोक म्हणत. अशा कंपनीत भिंगरीनं अर्ज केला तेव्हा आत्यानं तिच्याशी आठ दिवस अबोला धरला होता. नवव्या दिवशी तिचं तिलाच पटलं. संगणकावर दाताचा आकार काढायला दुधाच्या दातांपासून मेणात हात घातलेली पोर त्यांना दुसरी कुठून मिळणार? आणि चोवीस वर्षांच्या मुलीनं जन्मभर ह्या खोलीत प्लास्टर का कालवावं? मग आत्यानं तिला फोनवर एका शब्दाचा निरोप धाडला होता. 'जा.' भिंगरी तेव्हा शेजारच्या खोलीत होती.

"फोटोंचं काही नाही, काका," भिंगरी आता म्हणाली. "संदेशांचं म्हणते मी. त्यात तुझेपण आहेत."

"माझे? मी आपला सकाळी सुप्रभात पाठवतो."

"सुप्रभात थोडेच आहेत. बाकीचे ढीगभर."

मास्तरनं पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "म्हणजे, ते पहिल्यापासून बघतात की काय?"

"वरपासून खालपर्यंत. माझ्या आधी मुलाखत दिलेल्या मुलीनं सांगितलं. एक बाई शेजारी खुर्ची ओढून बसते, आपण बोट फिरवत जायचं. ती थांब म्हणाली की थांबायचं."

मग वहिनीच्या मनात काहीतरी आलेलं आत्याला स्पष्ट दिसलं, कारण वहिनीचा हात आपोआप गळ्याशी गेला.

भिंगरी हे नाव त्या मुलीला उगाच पडलं नव्हतं. ती चार वर्षांची असताना नाना आणि मास्तर यांचं ह्या खोलीच्या वाटणीवरून वाजलं. पाच वर्षं दोघं भाऊ एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलले नाहीत. 'जा, काकाला सांग.' 'जा, बापाला विचार.' पोर जिन्यावरून वर-खाली फिरत राहिली. पुढे भांडण मिटलं, सवय काही मिटली नाही. ज्याला ज्याचं जे सांगायचं ते भिंगरीला सांगून मोकळं व्हायचं, ही घराची रीतच होऊन बसली. फोन आल्यावर फक्त तिचा जिना वाचला.

"पुसून टाक सगळं," वहिनी म्हणाली.

"तीस दिवस लिहिलंय ना, आई. मुलाखत उद्या आहे."

"मग दुसरं खातं काढू," मास्तर म्हणाला. "चांगलं स्वच्छ. रोज एक सुविचार, फुलांचे फोटो..."

"म्हणजे दाखवायचे दात," आत्या म्हणाली.

"खात्याचं नाव त्यांनी पहिल्याच फेरीत लिहून घेतलंय," भिंगरी म्हणाली.

मग सुरू झाली ती खरी मौज. मास्तरला एकाएकी तहान लागली आणि पाणी दाखवायला भिंगरीच हवी झाली. दोघं आतल्या प्लास्टरच्या खोलीत गेले, दार लोटलं गेलं. मास्तर बाहेर आला तो कान लाल करून. तो बसतो न बसतो तोच वहिनीला आत ठेवलेला डबा आठवला, आणि तोही भिंगरीशिवाय सापडेना. नाना तेवढा जागचा हलला नाही. हात टेबलाखाली ठेवून तो समोरच्या फळीवरचे जबडे बघत राहिला.

आत्याही उठली. दाराशी गेली, आणि तिथं आपण कशासाठी उभ्या आहोत ते तिच्या लक्षात आलं. तिलाही भिंगरीला एकटं गाठून एवढंच विचारायचं होतं: माझा तो संदेश अजून तिथं आहे का?

आठ महिन्यांपूर्वी तिनं तो लिहिला होता. 'नानाचा हात कापतो. मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. मी बघते काय ते.' तीन वाक्यं. कंपनीची बाई बोट फिरवता फिरवता ती वाचणार. ज्या हाताच्या भरवशावर उरलेले डॉक्टर पेट्या पाठवतात तो हातच गेलाय, हे कंपनीला कळणार. मग डॉक्टरांना कळायला कितीसा वेळ? खोली बंद पडेल, आणि नाना त्याआधी खचेल. आणि संदेश न दाखवावा तर पोरीची नोकरी जाणार. दोन्हीकडून आपल्याच माणसाचं मरण, आणि ते लिहून ठेवणारी आपणच.

ती परत टेबलाशी आली आणि पंजा उघडून तिनं टेबलावर मारला. एक जबडा फळीवरून घसरता घसरता राहिला.

"बास. आता कुणी आत जायचं नाही. तिला काय लिहिलंय ते ज्याचं त्यानं इथं बोला. उद्या एक परकी बाई ते वाचणार, तर त्याआधी घरानं ऐकलेलं बरं."

"ताई, हे काय कोर्ट आहे का?" मास्तर म्हणाला.

"तू सगळ्यात आधी उड्या मारत होतास. कर नाही त्याला डर कशाला म्हणालास. बोल."

मास्तरनं चष्मा खिशात घातला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. "एक बाई आहेत. ग्रंथालयात असतात. त्या मला लिहितात. मी ते भिंगरीला दाखवतो, काय उत्तर द्यावं म्हणून."

"आणि उत्तर लिहितं कोण?"

"मीच लिहितो की."

"काका चार पानं लिहितो," भिंगरी म्हणाली. "मी दोन ओळी ठेवते."

वहिनी खुदकन हसली. आत्यालाही हसू आवरेना. नाना मात्र मान वर करून धाकट्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवल होतं. "चांगलं आहे की रे," तो म्हणाला. "सांगायचंस." मास्तर एवढ्यावरच विरघळला. वाटणीच्या भांडणानंतर भावानं त्याला आपणहून असं काही म्हटल्याचं आत्याला आठवत नव्हतं.

"हसताय काय? तुमची पाळी आहे," मास्तर वहिनीला म्हणाला.

वहिनीचं हसू गेलं. तिनं आत्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. "मी लिहिलंय, की लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली तरी भाजीत मीठ किती घालायचं ते अजून वन्सं ठरवतात."

"मीठ?" आत्या म्हणाली.

"मीठ हे आपलं उदाहरण झालं."

"आणखी काय लिहिलंयस?"

"बरंच आहे. सगळं सांगत बसले तर उद्याची मुलाखत टळून जाईल." आणि मग, एकदा बोललंच आहे तर, म्हणून असेल, वहिनीनं थेट तिच्याकडे पाहिलं. "तुमचा राग नाही हो येत नेहमी. पण कधी येतो तेव्हा फार येतो."

आत्याला ते लागलं. उलट उत्तर ओठांवर आलंही होतं, पण तिच्या पदरात त्याहून वाईट काहीतरी बांधलेलं होतं आणि आता पाळी तिची होती. ती नानाच्या समोर जाऊन बसली.

"नाना, तुझा हात कापतो. मला माहीत आहे."

नानानं भिंगरीकडे पाहिलं.

"तिनं नाही सांगितलं. गेल्या वर्षी एक पेटी परत आली होती बघ, दाढा तिरक्या म्हणून. तेव्हाच कळलं. तेव्हापासून मी सकाळी सहाला खाली येते. तू संध्याकाळी मेणात लावून गेलेले दात गरम सुरीनं जागेवर आणते, आणि तू नऊला यायच्या आत वर जाते."

नानानं दोन्ही हात टेबलाखालून काढून टेबलावर ठेवले. उजवा हात कापत होता. त्यानं तो डाव्या हातानं दाबला, तरी बोटं थांबेनात.

"मला वाटायचं, गोळी लागू पडतेय," तो म्हणाला.

"कसली गोळी?" वहिनीनं विचारलं.

"संध्याकाळी बघायचो तर ओळ वाकडी. सकाळी येऊन बघायचो तर सरळ. मी म्हणायचो, संध्याकाळी डोळे दमतात, म्हणून तसं दिसतं. हात सुधारतोय. हाताच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला तीन वेळा बोलावलं." तो थांबला. "गेलो नाही. बरं होतंय तर कशाला जायचं म्हटलं."

इतके दिवस आत्याला वाटत होतं की ती भावाची अब्रू झाकतेय. थंडीत, अंधारात उठून खाली येताना तिला स्वतःचं कौतुकही वाटायचं. आणि प्रत्येक सकाळी तिनं सरळ केलेली दातांची ती ओळ नानाला डॉक्टरपासून लांब ठेवत होती. ती रडली. रडायचं तिला जमत नसे, म्हणून ते खोकल्यासारखं निघालं, आणि पाण्याचा पेला पुढे केला तो वहिनीनं.

"तुला दोन्ही माहीत होतं," पाणी पिऊन ती भिंगरीला म्हणाली.

"हात कापतो हे बाबानं सांगितलं आणि म्हणाला, आत्याला सांगू नकोस. मग तू लिहिलंस, बाबाला कळू देऊ नकोस. तू सकाळी खाली येतेस ते मला माहीत नव्हतं. गोळीनं बरं वाटतंय हे बाबानं नाही सांगितलं. दोन्हीतलं एक जरी माहीत असतं तर मी बोलले असते, आत्या." तिचा आवाज आता चढला. "तुम्ही सगळे मला अर्धंअर्धं सांगता. आणि वर, सांगू नकोस."



नाना उठला. त्यानं डाव्या हातानं खिशातून फोन काढला. सगळ्यात जुन्या डॉक्टरांना, ज्यांच्या पेट्या आप्पांच्या वेळेपासून येत होत्या, त्यांना त्यानं फोन लावला.

"डॉक्टर, मी बोलतोय. नाही नाही, पेटी वेळेवर मिळेल. एक सांगायचं होतं. दात लावायचं काम माझ्या हातानं होत नाही आता. हात कापतो... वर्ष झालं... हो, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. ताई करते. चांगलंच करते, तुम्ही बघितलंय, फक्त तिचं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं... बरं... बरं. तुमची मर्जी."

"काय म्हणाले?" वहिनीनं विचारलं.

"विचार करून सांगतो म्हणाले." त्यानं दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला. मग तिसऱ्यांना. तीच वाक्यं, तोच क्रम. आत्याला ऐकवेना, पण ती उठूनही गेली नाही. शेवटचा फोन ठेवून नाना भिंगरीकडे वळला. "आता खुशाल उघडून दाखव. लपवण्यासारखं काही उरलं नाही त्यात. सही कर."

भिंगरीनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. सही तिनं तेव्हा केली नाही. उद्या कंपनीतच करीन म्हणाली.

*

सोमवारी सकाळी नेहमी येणाऱ्या पेट्यांतल्या निम्म्याच आल्या. आत्या नऊ वाजता, उजेडात, सगळ्यांच्या देखत कामाला बसली. नाना शेजारी बसून सांगत होता, ही दाढ जरा आत घे, तो सुळा जास्त पुढे आलाय. आत्याला सुळा अगदी बरोबर वाटत होता. तिनं तो मागे घेतला आणि बघते तर नानाचंच खरं होतं. दुपारी तपासणीला जायचं होतं. वहिनी सोबत जाणार होती.

बाराच्या सुमारास भिंगरी आली. चप्पल काढून ती दाराशीच उभी राहिली.

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

"झाली मुलाखत. मेणाचं विचारलं, दातांच्या ठेवणीचं विचारलं. सगळं आलं. मग ती बाई खुर्ची ओढून शेजारी बसली."

"आणि?"

"मी नाही उघडलं. म्हटलं, माझ्याबद्दल काय हवं ते विचारा, मी तोंडानं सांगते. ती म्हणाली, नियम आहे. मी म्हटलं, बरं. त्यांनी पाणी दिलं आणि फाईल मिटली."

आत्याचा पारा चढला. हातातली सुरी तिनं टेबलावर आपटली. "अगं, तुझ्या बापानं काल तुझ्यासाठी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाक कापून घेतलं! निम्म्या पेट्या गेल्या बघ सकाळी. आणि तू तिथं जाऊन नाही म्हणून आलीस?"

"बाबाचं बाबानं सांगितलं. पण काकाच्या त्या ग्रंथालयातल्या बाई? त्यांनी काकाला लिहिलंय, कंपनीला नाही. आणि माझी शाळेतली मैत्रीण आहे, नवरा मारतो तिला, ती मलाच लिहिते. तिला कोण विचारणार होतं?" भिंगरी शांत होती. "मी पुरं मिनिटभर बोट ठेवून बसले होते, आत्या. नोकरी हवीच होती मला. पण नाही फिरलं बोट."

आत्या नानाकडे बघायला लागली, आता तू तरी बोल म्हणून. नानानं फक्त मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही, पण त्याचे डोळे भरले होते आणि त्याला पोरीचा अभिमान वाटत होता, एवढं बहिणीला कळलं. तिचा राग अर्ध्यावर आला.

"सगळ्या गावाचं सांभाळलंस," ती म्हणाली. "मग तुझं काय होतं गं त्यात? तुझं स्वतःचं?"

"माझं?"

भिंगरी आत येऊन टेबलाला टेकली.

"काल तुम्ही वर गेल्यावर मी सगळं वाचून काढलं. पहिल्यापासून. म्हटलं, उद्या बाई वाचणार तर आपण एकदा बघावं, आपण कशा दिसतो." ती किंचित हसली. "माझं काही नाहीच त्यात. 'हो.' 'बरं.' 'सांगते.' 'नाही सांगत.' एवढंच माझं आहे."

नानानं हात लांब करून मेणाखालचा दिवा विझवला. त्याला दोन प्रयत्न लागले, आणि आत्यानं मदत केली नाही. तिनं हात पुसले, शेजारची खुर्ची ओढली.

"बस," ती म्हणाली. "आता तू बोल."

भिंगरी बसली. तिनं बापाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, एकदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत इकडचं तिकडे पोचवताना ती कधी अडखळली नव्हती. आता कुठून सुरू करावं तेच तिला सुचेना, आणि ते दोघं तिची वाट बघत राहिले.